नाच नव्हे, आजार: कोरिया नावाच्या कोड्याची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे काय ना' तेवढे कापलेत.

आजचा शब्द आहे कोरिया. थांबा, के-ड्रामा नाही! हा कोरिया ग्रीक भाषेतून आलाय आणि त्याचा अर्थ आहे नाच. आपल्या 'कोरिओग्राफर'मधला 'कोरिओ' तोच. पण ज्या मुलांच्या आजाराला हे नाव मिळालं, त्यातलं एकही मूल हौसेनं नाचत नव्हतं. हात आपोआप उडायचे, चेहरा वेडावल्यासारखा व्हायचा, पेन धरवायचं नाही. आणि शेकडो वर्षं त्या मुलांना एकच वाक्य ऐकावं लागलं: नीट बस!

मी आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून दिवसभर कोडमधले बग शोधणारा माणूस आहे. पण या आजाराचा इतिहास वाचताना वाटलं, अरे, ही तर जगातली सगळ्यात लांबलेली डिबगिंगची केस आहे. लक्षण एका जागी, कारण दुसऱ्याच जागी, आणि मधे कित्येक महिन्यांचं अंतर. चला तर मग.

संताच्या नावाचा घोळ

गोष्ट सुरू होते मध्ययुगातल्या युरोपात. १३७४ मध्ये ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात, आखेन वगैरे गावांत, लोकांचे जथे रस्त्यावर येऊन नाचायला लागले. थांबताच येईना. मग १५१८ च्या जुलैमध्ये स्ट्रासबर्ग शहरात एक बाई रस्त्यावर नाचायला लागली आणि बघता बघता आणखी लोक तिच्यात सामील झाले. शहराच्या कारभाऱ्यांनी काय करावं? 'नाचून नाचून उतरेल' असं म्हणून त्यांनी नाचणाऱ्यांना जागा करून दिली, वर वादक बोलावले! प्रकरण आणखीच चिघळलं. शेवटी त्या लोकांना जवळच्या डोंगरातल्या संत व्हायटसच्या देवस्थानात नेण्यात आलं. हा संत कोपला की माणसाला नाचवतो आणि प्रसन्न झाला की थांबवतो, अशी तिकडची श्रद्धा होती. आपल्याकडे 'अंगात आलं' म्हणतात, साधारण त्याच जातीचं हे स्पष्टीकरण.

त्याच काळात पॅरासेल्सस नावाचा एक भांडकुदळ स्विस वैद्य होता. तो म्हणाला, संतबिंत काही नाही, याला नैसर्गिक कारणं असणार. त्यानं या प्रकाराला 'कोरिया' हा शब्द वापरला. हे गर्दीचं नाचणं म्हणजे आज आपण ज्याबद्दल बोलतोय तो आजार नव्हता. आजचे बरेच इतिहासकार त्याकडे दुष्काळ, रोगराई आणि भीती यांनी पिचलेल्या समाजातला सामूहिक मानसिक उद्रेक म्हणून बघतात. पण नाव मात्र चिकटलं: संत व्हायटसचा नाच. आणि पुढे हेच नाव एका पूर्ण वेगळ्या गोष्टीला लावलं गेलं.

पेला तोंडापर्यंत पोचेना

साल १६८६. लंडनमध्ये थॉमस सिडनहॅम नावाचा डॉक्टर आहे. तरुणपणी इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या विरुद्ध, पार्लमेंटच्या बाजूनं लढलेला. तत्त्वज्ञ जॉन लॉक त्याचा मित्र. त्याचा एकच आग्रह: पोथ्या बाजूला ठेवा, रुग्णाजवळ बसा आणि दिसतं ते लिहा.

त्या वर्षी त्यानं एका नव्या तापावर लॅटिनमध्ये छोटी पुस्तिका लिहिली. त्यात जाता जाता एका वेगळ्याच आजाराचं वर्णन आलं. साधारण दहाव्या वर्षापासून वयात येईपर्यंतच्या मुलामुलींना हा होतो. आधी एक पाय लंगडतो, ओढल्यासारखा चालतो. मग त्याच बाजूचा हात. छातीवर ठेवलेला हात क्षणभरही एका जागी राहत नाही. पाण्याचा पेला तोंडाला लावायचा तर मूल जत्रेतल्या कसरतवाल्यासारखे हजार हावभाव करतं, आणि पेला एकदाचा ओठांशी आला की घटकन रिकामा करतं. बघणाऱ्याला वाटावं, हे लोकांना हसवायला चाललंय.

इतकं अचूक वर्णन, की आज न्यूरॉलॉजीच्या विद्यार्थ्याला दाखवलं तर तो लगेच निदान सांगेल. गंमत म्हणजे सिडनहॅमनं त्याला नाव दिलं जुनंच, संत व्हायटसचा नाच. म्हणून दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली आल्या. एकाच व्हेरिएबलला दोन अर्थ दिले की काय होतं, ते आपल्यापैकी कोड लिहिणाऱ्यांना सांगायला नको. पुढच्या काळात हा आजार 'सिडनहॅमचा कोरिया' म्हणून ओळखला जाऊ लागला. आणि उपचार? रक्त काढणं आणि जुलाब देणं. निरीक्षण आधुनिक, इलाज त्या काळचाच.

एक गोष्ट मात्र सिडनहॅमच्या नजरेतून सुटली. त्यानं सांधेदुखीच्या तापाचंही, म्हणजे रुमॅटिक फिव्हरचंही, उत्तम वर्णन केलं होतं. ही दोन्ही वर्णनं एकाच आजाराची दोन टोकं आहेत, हे काही त्याला दिसलं नाही. दिसणार तरी कसं? दोन्हींच्या मधे बराच काळ जायचा.

सांधे, हृदय आणि हात

एकोणिसाव्या शतकात हॉस्पिटलं मोठी झाली, खास मुलांची हॉस्पिटलं निघाली, आणि पहिल्यांदाच एका डॉक्टरला शेकडो मुलं एकत्र बघायला मिळाली. डेटा वाढला की पॅटर्न दिसतो, तसंच झालं. १८५० मध्ये पॅरिसच्या जर्मेन से यांनी कोरिया आणि सांधेदुखीचा ताप यांचा जवळचा संबंध मांडला. १८६६ मध्ये त्याच शहरातल्या आंरी रोजे यांनी त्यात हृदय जोडलं. सांधे, हृदय आणि ही विचित्र हालचाल, तिन्ही एकाच मुळाची फळं.

१८८९ मध्ये लंडनच्या वॉल्टर चीडल यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. या फळांना क्रम नाही. कुणाला आधी सांधे दुखतील, कुणाला आधी कोरिया होईल. कुणाला फक्त कोरियाच होईल आणि हृदयाचं दुखणं कित्येक वर्षांनी उघड होईल. पूर्ण चित्र एकाच मुलात, एकाच वेळी बघायला गेलात तर ते दिसणारच नाही.

पण सगळ्यांना हे पटलं नव्हतं. त्या काळच्या केसपेपरांत कोरियाचं कारण म्हणून वारंवार एक शब्द दिसतो: भीती. कुत्रा अंगावर आला, मास्तर ओरडले, वादळात वीज कडाडली आणि मुलीचे हात उडायला लागले. रुग्णांमध्ये मुली जास्त असत (हे आजही खरं आहे), त्यामुळे 'हळवी आहे', 'नसा नाजूक आहेत' असं म्हणून विषय संपवणं सोपं होतं. इलाज म्हणून चक्क आर्सेनिकचे थेंब दिले जायचे.

इथे एक छोटा फाटा. १८७२ मध्ये जॉर्ज हंटिंग्टन नावाच्या २२ वर्षांच्या अमेरिकन पोरानं 'कोरियाविषयी' असा लेख लिहिला. बहुतेक लेख मुलांच्या नेहमीच्या कोरियावरच होता. शेवटी त्यानं लिहिलं, की आमच्या लाँग आयलंडवर काही घराण्यांत एक वेगळाच कोरिया पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, मोठेपणी सुरू होतो आणि बरा होत नाही. त्याचे वडील आणि आजोबा तिथलेच डॉक्टर, म्हणून तीन पिढ्यांचं निरीक्षण हाताशी होतं. तोच हंटिंग्टनचा आनुवंशिक आजार. म्हणजे एका नावाखालच्या गर्दीतून आणखी एक वेगळा आजार बाजूला काढला गेला.

गुन्हेगार घशात होता

विसाव्या शतकात शोध जंतूकडे वळला. अडचण अशी की रुमॅटिक फिव्हर झालेल्या मुलाच्या सांध्यात किंवा हृदयात जंतू खात्रीनं सापडेचना. मग तो होता कुठे? घशात! स्ट्रेप्टोकॉकस, सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा दिसणारा जंतू.

पण स्ट्रेप्टोकॉकसच्या जाती अनेक. त्यातली नेमकी कुठली? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रिबेका लान्सफील्ड या शास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर हेच काम केलं. त्यांच्या प्रयोगशाळेला लोक गमतीनं स्ट्रेप्टोकॉकसचं 'स्कॉटलंड यार्ड' म्हणायचे. १९३३ मध्ये त्यांनी या जंतूंची गटवारी मांडली. माणसाचा घसा धरणारा तो प्रामुख्यानं गट ए. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये आल्विन कोबर्न आणि लंडनमध्ये कॉलिस यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की आधी घसा बसतो, मग दोन-तीन आठवडे मूल ठणठणीत असतं, आणि मग सांधे धरतात. १९३२ मध्ये एडगर टॉड यांनी रक्तातली एक प्रतिपिंडं मोजायची पद्धत काढली. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी. त्या पद्धतीमुळे घशातला जंतू निघून गेला तरी तो येऊन गेल्याचा पुरावा मिळायला लागला. आपल्या गल्लीतल्या लॅबच्या दरपत्रकावर 'एएसओ टायटर' लिहिलेलं असतं ना? तेच हे.

आणि इथेच कोरियानं पुन्हा चकवा दिला. सांधेदुखीच्या मुलांमध्ये ही चाचणी जोरदार पॉझिटिव्ह यायची. पण नुसता कोरिया असलेल्या मुलांत अनेकदा नॉर्मल! मग काय, 'बघा, याचा घशाशी काही संबंध नाही' म्हणणारे पुन्हा पुढे सरसावले.

१९५६ मध्ये टारांटा आणि स्टॉलरमन या दोघांनी हे कोडं सोडवलं. आधीपासून नियमित तपासणीत असलेल्या मुलांचा मागोवा त्यांनी घेतला. उत्तर अगदी साधं निघालं. कोरिया उशिरा येतो. घसा दुखल्यावर एक महिना, तीन महिने, कधी सहा महिन्यांनी. तोपर्यंत रक्तातली ती प्रतिपिंडं उतरून गेलेली असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कोसळेपर्यंत जुन्या लॉग फाइल्स पुसल्या गेल्या होत्या. गुन्हा झाला होता, फक्त सीसीटीव्हीचं फुटेज शिल्लक नव्हतं. म्हणूनच रुमॅटिक फिव्हरच्या निदानाच्या जोन्स निकषांत (मूळ निकष १९४४ चे) पुढे कोरियाला खास सवलत मिळाली. दुसरं कारण सापडत नसेल, तर आधीच्या घशाच्या संसर्गाचा पुरावा हातात नसला तरी निदान करता येतं.

पेनिसिलिन, वायोमिंगपासून पिंपरीपर्यंत

अँडी वॉरहॉल माहितीये? सूपच्या डब्यांची चित्रं काढणारा अमेरिकन चित्रकार. १९२८ मध्ये पिट्सबर्गला जन्मला आणि वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला हाच कोरिया झाला. कित्येक आठवडे तो अंथरुणात, रंगवत, कात्रणं कापत, सिनेमातल्या नटनट्यांचे फोटो जमवत पडून होता. तेव्हा त्याच्या डॉक्टरांच्या हाती विश्रांती सांगण्यापलीकडे फार काही नव्हतं. पेनिसिलिन यायला अजून काही वर्षं होती.

ते आल्यावर खरी कसोटी झाली अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या एका हवाई तळावर. बराकीत दाटीवाटीनं राहणारे रंगरूट आणि घसादुखीची साथ, दोन्ही तिथे तयारच होतं. १९५० मध्ये निकाल छापला गेला. पेनिसिलिन मिळालेल्या ७९८ जणांपैकी २ जणांना रुमॅटिक फिव्हर झाला, न मिळालेल्या ८०४ पैकी १७ जणांना. घशावर वेळेत इलाज केला तर पुढचं बहुतेक सगळं टळतं, हे सिद्ध झालं. मग स्टॉलरमन यांनीच १९५२ मध्ये बेंझाथिन पेनिसिलिन वापरून दाखवलं. हे औषध स्नायूत साठून राहतं आणि आठवडेच्या आठवडे हळूहळू रक्तात उतरतं. एकदा आजार झालेल्या मुलाला पुन्हा होऊ नये म्हणून हेच इंजेक्शन आजही ठरावीक आठवड्यांनी देतात.

या गोष्टीत आपलं पुणंही येतं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिलेला हा सरकारी कारखाना, आणि त्याचं पहिलं मोठं काम म्हणजे देशात पेनिसिलिन बनवणं. आज त्या रस्त्यावरून मेट्रो जाते. माझ्यासारखे कितीतरी जण लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथून ऑफिसला जातात.

आता घरातलं एक सांगतो. माझ्या मावशीला नववीत असताना हे झालं होतं, साताऱ्याकडच्या एका गावात, १९८० च्या दशकात. सुंदर अक्षर अचानक कोंबडीच्या पायांसारखं झालं. चहाची कपबशी हातातून पडायची. शाळेत हातावर पट्ट्या, घरात 'लग्नाचं वय जवळ आलं आणि ही थेरं', मग देवऋषी, मग उतारा. दोन-तीन महिन्यांत हात आपोआप शांत झाले आणि श्रेय उताऱ्याला गेलं. पुढे जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. हृदयाची झडप खराब झालेली होती. मी लहान असताना ती दर २१ दिवसांनी कमरेत इंजेक्शन घ्यायची, दोन दिवस लंगडायची आणि कॅलेंडरवर पुढची तारीख पेनानं गोल करायची. सिडनहॅमच्या पेल्याबद्दल वाचलं तेव्हा मला तिची कपबशी आठवली. मधे ३०० वर्षं गेली होती, आणि ज्ञान साताऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

पहारेकरी चुकीच्या दारावर

तर मग घशातला जंतू मेंदूपर्यंत जातो का? नाही. हाच या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग आहे.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मेल्विन कॅप्लन यांनी दाखवलं, की गट ए स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धची प्रतिपिंडं माणसाच्या हृदयाच्या पेशींनाही चिकटतात. जंतूच्या अंगावरचा एखादा तुकडा आपल्या शरीरातल्या तुकड्यासारखा दिसतो, आणि पहारेकरी फसतो. याला आण्विक साधर्म्य म्हणू. चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं चोराऐवजी घरमालकालाच पकडावं, तसं.

१९७६ मध्ये हस्बी, झाब्रिस्की आणि सहकाऱ्यांनी कोरिया झालेल्या मुलांचं रक्तद्रव घेतलं आणि मेंदूच्या ऊतींवर तपासलं. जवळपास निम्म्या मुलांच्या रक्तातली प्रतिपिंडं मेंदूच्या खोलवरच्या ठरावीक केंद्रांतल्या पेशींना चिकटली. ही केंद्रं म्हणजे बेसल गँग्लियाच्या परिसरातली, जिथून आपल्या हालचालींना लगाम बसतो. आणि तेच रक्तद्रव आधी स्ट्रेप्टोकॉकसच्या आवरणात मुरवलं, तर ही प्रतिपिंडं नाहीशी व्हायची! म्हणजे निशाणा दोन्हीकडे एकच.

२००३ मध्ये मॅडलिन कनिंगहॅम यांच्या गटानं पुढची कडी जोडली. कोरियाच्या रुग्णापासून मिळवलेली प्रतिपिंडं जंतूवरच्या एका साखरेला आणि चेतापेशीवरच्या एका स्निग्ध रेणूला, दोघांनाही ओळखत होती. आणि ती पेशीला मारत नव्हती, तर पेशीच्या आतलं एक एन्झाइम चालू करत होती. चुकीचा सिग्नल देत होती! पुढच्या अभ्यासांत डोपामिनच्या यंत्रणेशी याचा संबंध दिसत गेला. डोपामिन अडवणाऱ्या औषधांनी या हालचाली कमी होतात, हे डॉक्टरांना अनुभवानं आधीच माहीत होतं.

म्हणून तर बहुतेक मुलांचे हात काही महिन्यांत शांत होतात. हार्डवेअर जळालेलं नसतं, कुणीतरी बटण दाबून धरलेलं असतं. हृदयाचं तसं नाही. तिथे झडपेवर व्रण पडतात आणि ते राहतात.

रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ही प्रतिपिंडं ओलांडतात कशी, हा प्रश्न उरतोच. २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की नाकात स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग पुन्हा पुन्हा झाला की एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी वासाच्या चेतामार्गानं मेंदूत शिरतात आणि भिंत गळकी होते. उंदरांतलं सगळं माणसात जसंच्या तसं असेलच असं नाही, पण दिशा मिळाली.

आणि अजून न मिटलेलं भांडण

कोरियाच्या मुलांमध्ये हट्टी, पुन्हा पुन्हा येणारे विचार आणि कृती दिसतात, हे १८९४ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी आपल्या कोरियावरच्या पुस्तकात नोंदवलं होतं. १९८९ मध्ये अमेरिकेत सूझन स्वीडो यांनी ते पद्धतशीर तपासलं. मग त्यांनी विचारलं: कोरिया नसतानाही, घशाच्या संसर्गानंतर एखाद्या मुलाला अचानक ओसीडी किंवा झटके देणारे टिक्स सुरू होऊ शकतात का? १९९८ मध्ये त्यांनी अशा ५० मुलांचं वर्णन केलं आणि त्या प्रकाराला नाव पडलं पँडास.

आईवडिलांना आशा वाटली, डॉक्टरांत मात्र दोन तट पडले. शाळकरी मुलांचा घसा तर सारखाच दुखतो, आणि टिक्स आपोआप कमीजास्त होतच असतात. मग दोन्ही एकाच महिन्यात आले म्हणून एकानं दुसरं घडवलं असं कसं म्हणायचं? २००८ च्या एका अभ्यासात अशा मुलांवर लक्ष ठेवलं, तर लक्षणं वाढण्याच्या बहुतेक वेळांचा स्ट्रेप्टोकॉकसशी संबंध लागला नाही. प्रतिपिंडांच्या चाचण्यांनीही ठाम कौल दिला नाही. २०१२ मध्ये स्वीडो आणि सहकाऱ्यांनीच नवी व्याख्या मांडली, ज्यात सुरुवात अचानक झाली हे महत्त्वाचं, जंतू कुठला ते नंतर बघू. वाद आजही चालू आहे. कोरियाचा धागा जुळायला २०० वर्षं लागली, म्हणून प्रत्येक नवा धागा खराच असेल असं नाही. संशयाचा फायदा दोन्ही बाजूंना द्यावा लागतो.

तर मंडळी

श्रीमंत देशांत हा आजार आता दुर्मिळ आहे. भारतात नाही. दाटीवाटीची घरं, अंगावर काढलेली घसादुखी, अर्धवट सोडलेलं औषध. जंतू तोच आहे, आणि तो आजही पेनिसिलिनला दाद देतो. इतकं जुनं, स्वस्त औषध अजून चालतंय ही केवढी मोठी गोष्ट.

म्हणून तुमच्या ओळखीत पाच ते पंधरा वर्षांचं कुणी असेल, त्यातही मुलगी, आणि अक्षर अचानक बिघडलं असेल, हातातून वस्तू पडत असतील, जीभ बाहेर काढून क्षणभरही धरता येत नसेल, तुमचं बोट धरायला सांगितल्यावर मूठ गाईचं दूध काढल्यासारखी आवळत-सुटत असेल, मधेच रडू कोसळत असेल आणि झोपेत मात्र सगळं शांत होत असेल, तर नाटक म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या, आणि हृदयाची इकोकार्डिओग्राफी करायची का ते आवर्जून विचारा. २०१५ च्या सुधारित निकषांप्रमाणे स्टेथोस्कोपला काही ऐकू आलं नाही तरी इको करायचा असतो. हात बरे झाले म्हणून इंजेक्शन मधेच थांबवू नका. ते हातांसाठी नसतंच, हृदयासाठी असतं.

माझी मावशी आज व्यवस्थित आहे. तिच्या अक्षराचं वळण पूर्वीसारखं झालं. शाळेतल्या पट्ट्यांबद्दल मात्र ती अजून बोलत नाही.

हा भाग एखाद्या शिक्षकाला नक्की पाठवा.